नववीतले एकोणसाठ टक्के

मी तेवीस वर्षं नववीचा वर्गशिक्षक होतो. शाळेत दहावीचा वर्ग आपल्याकडे असावा असं सगळ्या शिक्षकांना वाटतं. दहावीचा निकाल पेपरात येतो, पालक पेढे घेऊन येतात, गावच्या कार्यक्रमात सत्कार होतो. नववीचा निकाल शाळेच्या फळ्यावर लागतो आणि दुसऱ्या दिवशी पुसला जातो. तरी मी दर वर्षी नववीच मागून घेत असे. हेडसर म्हणायचे, "घ्या बुवा, तुम्हाला हौस आहे तर."

आमची शाळा चामोर्शीपासून आठ-नऊ किलोमीटरवर, एका मोठ्या तलावाच्या पाळीखाली. आजूबाजूच्या सहा गावांतली मुलं यायची. निम्मी धानवाल्या शेतकऱ्यांची, बाकीची तलावात आणि वैनगंगेत मासेमारी करणाऱ्या घरांतली. भाताच्या लावणीच्या, आमच्याकडच्या रोवणीच्या, दिवसांत निम्मा वर्ग शेतातल्या बांधीत असायचा आणि मी उरलेल्यांना तोच धडा पुन्हा शिकवायचो.

बाहेरच्या माणसाला नववीचं महत्त्व समजावून सांगावं लागतं. दहावीचे पेपर बोर्ड तपासतं. कोणीतरी अनोळखी परीक्षक, कुठल्यातरी दुसऱ्या गावी. नववीचे पेपर मात्र शिकवणाराच तपासतो. तो सढळ हाताने गुण देऊ शकतो, हात आखडूही शकतो, आणि त्याला विचारणारं कोणी नसतं. मी हात आखडणाऱ्यांपैकी होतो. गणित आणि विज्ञान माझ्याकडे. उत्तर बरोबर पण मधली पायरी नाही, तर अर्धे गुण गेले. सेंटिमीटर लिहायचं राहिलं, अर्धा गुण गेला. आकृतीला नावं नाहीत, एक गेला. आणि काहीही झालं तरी सत्तरच्या वर जायचं नाही, हा माझा स्वतःचा कायदा. भाषेच्या आणि इतिहासाच्या शिक्षकांनाही मी तेच पटवलं होतं. नववीत मूल घाबरलं की दहावीत सुधारतं, असं माझं म्हणणं. आणि तसं व्हायचंही. आमच्या शाळेचा दहावीचा निकाल तालुक्यात नाव घेण्यासारखा असायचा. सत्कार दहावीच्या शिक्षकांचा व्हायचा, पण मागे बसून टाळ्या वाजवताना हे कोणाचं काम आहे ते मला ठाऊक असायचं. नववीचे गुण पुढे कोणीच विचारत नाही, मग ते कमी असले तर कोणाचं काय बिघडलं, अशी माझी खात्री होती. तेरा वर्षं मला तिच्यावर शंका आली नाही.

नव्वदीच्या दशकाच्या शेवटी शेवटी, जुलै महिन्यातली गोष्ट. शाळा सुटल्यावर मी स्टाफरूममध्ये बसलो होतो. परसराम दारात येऊन उभा राहिला. धोतर गुडघ्यापर्यंत, पायाला चिखल. तलावावर मासे धरणाऱ्यांमधला हा माणूस, बोलायला अगदी कमी. त्याची मुलगी रंजना नुकतीच दहावी झाली होती, एक्याऐंशी टक्के घेऊन. शाळेत पहिली.

"या परसरामभाऊ, बसा," मी म्हणालो.

तो बसला नाही. कनवटीच्या पिशवीतून त्याने घडी घातलेला कागद काढला. "सर, हे चंद्रपूरवाल्यानं वापस केलं. मले वाचता येत नाई. पोट्टी सांगत नाई, नुसती रोवणीले जाते अन् येते."

चंद्रपूरच्या एका कॉलेजने खेड्यांतल्या मुलांसाठी अकरावी विज्ञानाच्या तीस जागा ठेवल्या होत्या. राहणं, जेवण, पुस्तकं, सगळं त्यांच्याकडे. आमच्या भागातल्या मुलांना विज्ञान शिकायचं तर दुसरी सोय नव्हती. गावाजवळ कला शाखा होती, पण रंजनाला गणित हवं होतं. तिचा अर्ज शाळेच्या ऑफिसातून गेला होता. परत आलेल्या कागदावर एकच ओळ होती: नववीत किमान पासष्ट टक्के आवश्यक, अर्जदारास एकोणसाठ, सबब अर्ज विचारात घेता येत नाही.

मी ती ओळ दोनदा वाचली. मग परसरामला वाचून दाखवली.

त्याने माझ्या हातातून कागद घेऊन उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाला, "नववीचे मार्क तर तुमच्याच हातचे ना जी?"

"हो."

"मंग वाढवून द्या. सहाच तर पाहिजे."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून मला उत्तर देणं जास्त जड गेलं. मी म्हणालो, "भाऊ, लिहून झालेले गुण बदलता येत नाहीत."

"काऊन नाई? तुमीच लिहले ना."

तेवढ्यात हेडसर आत आले. त्यांनी कागद पाहिला आणि मला बाजूला घेतलं. "प्रगतिपुस्तक हरवलं म्हणायचं आणि दुसरी प्रत काढायची. मुलीचं भलं होत असेल तर मी सही करतो. बघा बुवा."

हेडसर वाईट माणूस नव्हते. मुलीचं भलंच त्यांच्या मनात होतं. माझ्या हातात पेन होतं आणि रजिस्टर कपाटात, चार पावलांवर. मी नाही म्हणालो. प्रामाणिकपणामुळे म्हणालो की माझ्या कायद्याच्या अभिमानामुळे, हे मी आजही ठामपणे सांगू शकत नाही. दोन्ही असावं.

दुसऱ्या दिवशी मी रंजनाला बोलावून घेतलं. ती बांधीतून थेट आली, हात धुऊन, पदर खोचलेला. सोळा वर्षांची बारीक मुलगी, डोळे खाली. गुण वाढवून द्यायचं म्हणतात, तुझं काय म्हणणं, असं मी तिला विचारलं.

"नका वाढवू सर," ती म्हणाली. "माहे वाढवले तर सगळ्याइचे वाढवा लागन. मी वर्गात पहिली होती अन् मले एकोणसाठ होते. दुसऱ्या नंबरवालीले सत्तावन होते. तिले मंग काय द्यान?"

ती वर्गात पहिली होती हे मला माहीत होतं, पण त्या कागदाशी मी ते जोडून पाहिलंच नव्हतं. चंद्रपूरवाल्यांना फक्त एकोणसाठ दिसत होते. त्या वर्गात एकोणसाठच्या वर कोणीच नाही हे त्यांना कुठून दिसणार?

"तुला जायचं आहे ना?" मी विचारलं.

"हाव सर." आणि मग थोडं थांबून, "बाबा म्हणते, नाई झालं तर पुढच्या उन्हाळ्यात लग्न पाहू."

दुसऱ्या दिवशी सकाळी हेडसरांकडून रीतसर परवानगी घेतली आणि गेल्या तीन वर्षांची नववीची निकालपत्रकं कपड्यात बांधली. त्याच मुलांचे दहावीचे बोर्डाचे निकाल ऑफिसातून उतरवून घेतले. मूल गावावरून चंद्रपूरला जाणारी एसटी पकडली. मांडीवर ते गाठोडं. शेजारच्या माणसाने विचारलं, "का आहे जी त्याच्यात?" मी म्हणालो, "नववी." तो खिडकीबाहेर बघायला लागला.

कॉलेजच्या प्राचार्या साधारण पन्नाशीच्या बाई होत्या. चष्मा नाकावर ओढून बोलायच्या. त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी मागवलं आणि आधीच सांगून टाकलं, "सर, नियम सगळ्यांना सारखा आहे."

"नियम नववीचा का ठेवलात, एवढंच विचारतो," मी म्हणालो.

त्यांनी सरळ उत्तर दिलं. दहावीच्या परीक्षेला काही ठिकाणी काय चालतं ते तुम्हालाही माहीत आहे, मलाही माहीत आहे. आठ दिवसांत मुलाचे ऐंशी टक्के होतात आणि ते मूल इथे आलं की पहिल्या चाचणीतच टिकत नाही. नववीचे गुण वर्षभराचे असतात. ते बघितले की मूल सुरुवातीपासून अभ्यास करत आलं आहे की नाही ते कळतं. म्हणून नववी.

मला त्यात चूक काढता येईना. मीही नववीलाच मानणारा माणूस. जगात नववीला किंमत देणारं कोणीतरी आहे, याचा मला त्या स्थितीतही थोडा आनंद झाला, हे कबूल करतो.

मी गाठोडं सोडलं. रंजनाच्या वर्गाचं निकालपत्रक त्यांच्यासमोर ठेवलं आणि बेचाळीस मुलांची रांग दाखवली. सर्वांत वर एकोणसाठ. मग त्याच मुलांचे दहावीचे आकडे बाजूला ठेवले. एकोणसाठचे एक्याऐंशी झाले होते, सत्तावनचे चौऱ्याहत्तर, पन्नासचे अडुसष्ट. त्याच्या आधीच्या वर्षीही तसंच, त्याच्या आधीच्याही. बाईंनी पेन्सिल घेतली आणि एकेका नावावरून हळूहळू खाली गेल्या. पाच मिनिटं तरी गेली असतील.

"तुम्ही किती वर्षं नववी घेताय?"

"तेरा."

"आणि तेरा वर्षांत सत्तरच्या वर कोणीच नाही?"

"एक होता. तहसीलदारांचा मुलगा. तो खरंच हुशार होता."

त्या हसल्या. मग टेबलावरची एक यादी त्यांनी माझ्याकडे सरकवली. त्या वर्षीचे अर्ज. त्यात नववीत ब्याण्णव, चौऱ्याण्णव टक्के असलेली मुलं होती, आणि त्यांतल्या काहींना दहावीत त्र्याहत्तर, शहात्तर. आपल्या व्यवसायातल्या दुसऱ्या माणसांबद्दल परक्याच्या टेबलावर बोलू नये. पण बाईंनी माझी नजर कुठे थांबली ते पाहिलं.

"म्हणजे प्रत्येक शाळेचे साठ वेगळे," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

"हो."

त्यांनी शिपायाला सांगून मागची फाइल मागवली. चाळता चाळता म्हणाल्या, "तुमच्या शाळेतून याआधी तीन अर्ज आले होते. तिघंही नववीच्या टक्क्यांवर गळाले आहेत." आणि त्यांनी तीन नावं वाचली.

मला ते ठाऊक नव्हतं. अर्ज ऑफिसातून जायचे, उत्तर मुलांच्या घरी जायचं. मुलं मला सांगायला आली नव्हती, आणि का येतील? त्या तिघांमध्ये मधुकर होता. माझ्या हाताखालून गेलेल्या सर्वांत चांगल्या दोन-तीन मुलांपैकी एक. त्याला नववीत एकसष्ट होते. मी दिलेले. दहावीत एकोणऐंशी. त्याच्या भूमितीच्या पेपरवर मी गुण कसे कापले होते ते मला त्या खुर्चीत बसल्या बसल्या आठवलं, आणि पाण्याचा पेला हातात तसाच राहिला.

"सोमवारी मुलीला मुलाखतीला आणा," बाई म्हणाल्या. "समितीसमोर ठेवते. पुढचं सांगता येत नाही."

सोमवारी परसराम, रंजना आणि मी, असे तिघं गेलो. परसरामने इस्त्रीचा सदरा घातला होता आणि तो सारखा चंद्रपूरच्या जुन्या परकोटाच्या भिंतीकडे बघत होता. मुलाखतीला मला आत बसायची परवानगी नव्हती, पण खोलीचं दार उघडं होतं आणि बाकडं दाराजवळच होतं.

बाईंनी विचारलं, "नववीत एकोणसाठ का पडले?"

"माझ्या पायऱ्या सुटत होत्या," रंजना म्हणाली. आवाज लहान, पण स्पष्ट. "उत्तर डोक्यातच यायचं, मंग मधलं मी लिहत नव्हती. सर म्हणत, तुझ्या डोक्यात काय आहे ते मले कसं दिसन, कागदावर दाखव."

"आणि आता?"

"आता लिहते. दहावीत एक बी नाई सोडली."

समितीतल्या दुसऱ्या एका गृहस्थांनी तिला फळ्यावर एक उदाहरण सोडवायला दिलं. खडूचा आवाज मला बाहेर ऐकू येत होता. थांबत थांबत, पण न चुकता. परसरामने मला विचारलं, "का करून राह्यली ती?" मी म्हणालो, "पायऱ्या लिहिते आहे." त्याला काय कळलं कोण जाणे, पण त्याने मान हलवली.

यादी लागली त्यात रंजना तिसावी होती. तिसांतली तिसावी. परसरामने माझ्या पाया पडायचा प्रयत्न केला, मी त्याला धरलं. बाईंनी पुढच्या वर्षापासून नियमात एक ओळ वाढवली: नववीत कितीही टक्के असोत, वर्गातल्या पहिल्या तिघांचा अर्ज घ्यायचा. ही ओळ माझ्या गाठोड्यातून निघाली, असं मी निवृत्तीपर्यंत मनात धरून होतो. त्याचबरोबर कधी कधी त्या वर्षीच्या एकतिसाव्या मुलाचाही विचार येतो. तो कोणत्या गावचा, त्याचे नववीचे सर कसे, मला काही माहीत नाही.

सप्टेंबरात रंजनाचं पत्र आलं. आंतर्देशीय, दोन्ही बाजूंनी भरलेलं. होस्टेलचं जेवण, खोलीतल्या चार मुली, शहरातले ऑटो, असं सगळं होतं. शेवटी लिहिलं होतं: "सर, पहिल्या चाचणीत मला पन्नासपैकी सव्वीस पडले. माझ्या खोलीतल्या मुलीला अठ्ठावीस पडले तर ती दोन दिवस रडली, जेवली नाही. तिला आजवर नव्वदच्या खाली कधी पडलेच नव्हते. मला काही वाटलं नाही. मी म्हटलं, हे तर आपल्या नववीसारखंच आहे." ते पत्र मी स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचून दाखवलं.

रंजना पुढे इंजिनिअर झाली. आता ती पाटबंधाऱ्याच्या कामावर आहे. गावी आली की भेटते. परसरामला अजून नीट सांगता येत नाही ती काय करते, "पाण्याचंच काम आहे जी" एवढं तो सांगतो, आणि ते चूक नाही.

मी त्या वर्षापासून सत्तरचा कायदा मोडला. पायऱ्यांचे गुण अजूनही कापायचो, त्यात बदल नाही. पण ज्याला ब्याऐंशीची लायकी त्याला ब्याऐंशी. आणि प्रत्येक प्रगतिपुस्तकावर टक्क्यांच्या खाली वर्गातला क्रमांक लाल शाईने लिहायचा. पहिल्यांदा एका मुलाला गणितात अठ्ठ्याहत्तर दिले तेव्हा तो पेपर घेऊन माझ्याकडे परत आला. "सर, बेरीज चुकली वाटते तुमची," म्हणाला. मी म्हणालो, बरोबर आहे. तो जाता जाता दोनदा वळून बघत होता.

राहिलं ते चंद्रपूरच्या फाइलीतल्या त्या तिघांचं. त्यातला एक पोलिसात गेला होता, खुशालीत होता, त्याने माझं बोलणं हसून सोडून दिलं. दुसरी मुलगी लग्न होऊन सिरोंच्याकडे गेली होती. तिचा पत्ता मिळाला, पण मी गेलो नाही. जाऊन काय सांगायचं आणि कोणादेखत सांगायचं, ते मला सुचलं नाही. ते तसंच राहून गेलं आणि ते मला अजून खटकतं.

मधुकर चामोर्शीतच होता. त्याच्याकडे जायला मला तीन महिने लागले. आयटीआय करून त्याने घराच्या पुढच्या खोलीत पंपाच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचं दुकान टाकलं होतं. बाजाराच्या दिवशी दुपारी मी गेलो. तो जमिनीवर बसून तांब्याची तार गुंडाळत होता. मला पाहून उठला, स्टूल पुसलं.

मी इकडचं तिकडचं बोललो नाही. चंद्रपूरला काय झालं ते सगळं सांगितलं. रंजनाचं सांगितलं, फाइलीतल्या तीन नावांचं सांगितलं. तुझ्या नववीच्या पेपरला माझ्या हाताने एकसष्ट पडले, दुसऱ्या कुठल्याही शाळेत ऐंशी पडले असते, हेही सांगितलं.

तो तारेचं टोक बोटाभोवती फिरवत ऐकत होता. "त्या पोट्टीचं कसं सुरू आहे आता?"

मी पत्रातलं सव्वीस गुणांचं सांगितलं.

"म्हणजे तुमचा कडकपणा तिले कामी आला," तो म्हणाला.

"हो."

"अन् मले?"

बाहेरून बाजाराचा आवाज येत होता. मी म्हणालो, "तुला नडला, मधुकर. माझ्यामुळे नडला."

त्याने तार पुन्हा गुंडाळायला घेतली. मग म्हणाला, "सर, चंद्रपूरचं ते पत्र आलं तेव्हा एक वर्ष मी कोणाशी धड बोललो नाई. मले वाटे, आपलं डोकंच तेवढं नाई. दहावीत कसेतरी पडले, पण खरे आपले नववीचेच. आईले बी तसंच सांगितलं मी." त्याने तार खाली ठेवली. "तुमी आज येऊन सांगितलं नसतं तर मी तेच धरून राह्यलो असतो."

मग तो उठला आणि आतल्या दाराशी जाऊन हाक मारली. "आई, नववीचे सर आले. माहे मार्क कमी नव्हते म्हणते ते."

आतून भांड्यांचा आवाज थांबला. त्याची आई पदराला हात पुसत दारात आली. तिने माझ्याकडे पाहिलं, मग मुलाकडे.

"ते मले माहीत होतं," ती म्हणाली. "तूच आयकत नव्हता. सरले चहा घेऊ दे, मंग जाऊ दे."